उतू जाईल अशी दारू

गेल्या पावसाळ्यात मी एक पुस्तक वाचलं. त्यात एकही पात्र नव्हतं, एकही संवाद नव्हता, निसर्गवर्णन तर औषधालाही नव्हतं. होते ते तक्ते. पानामागून पान आकड्यांचे तक्ते, आणि मधूनमधून चौकटीत छापलेले इशारे. तरीही बंदुकीविषयी आजवर जे काही मी वाचलंय, त्यात हे पुस्तक मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. आमच्या घरात पन्नास वर्षं सांगितली जाणारी एक गोष्ट त्या पुस्तकामुळे मोडली. म्हणून हा लेख.

पुस्तक काडतुसं स्वतः भरण्याविषयीचं होतं. अमेरिकेत हा मोठा छंद आहे. झाडलेल्या काडतुसाचं पितळी टरफल फेकून द्यायचं नाही. ते साफ करायचं, पुन्हा मापात आणायचं, बुडात नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. या छंदाला स्वतःची ग्रंथपरंपराही आहे. फिलिप शार्प यांचा जाडजूड ग्रंथ १९३७ चा. लायमन कंपनीच्या हँडबुकची पन्नासावी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. मी अडकलो ते प्रकरण लहान नळीच्या रायफलींचं होतं: पॉइंट २२ हॉर्नेट, पॉइंट २२२ रेमिंग्टन, पॉइंट २२० स्विफ्ट. शेतात बिळं करणारे, पीक खाणारे छोटे प्राणी दोन-तीनशे यार्डांवरून टिपण्यासाठी ही काडतुसं वापरतात.

आधीच सांगतो, हे घरी करून बघण्यासारखं नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायलाही परवाना लागतो. मी काडतूस भरायला बसलो नव्हतो. मी शिकारकथांवर लिहायला बसलो होतो आणि त्यासाठी मिळेल ते वाचत होतो. लातूरच्या एका नेमबाज मित्राने हे पुस्तक फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "तुझ्या शिकारकथांत जे नसतं ते यात आहे."

त्याचं बरोबर होतं. पण काय नसतं, ते मला उशिरा कळलं.

*

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, ठासणीची बंदूक होती. परवान्याची. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे: पिकाच्या राखणीसाठी ती खरोखर लागत असेल तर परवाना द्यावा. निवडणूक लागली की अशा बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर घरी येतात. आजी सांगायची, खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाभर यांच्यासोबत आबा बंदुकीलाही कुंकू लावायचे.

घरातली गोष्ट अशी. ७२ च्या दुष्काळानंतरची दुसरी सुगी. ज्वारी हुरड्यात आलेली. आबा जागलीला माळ्यावर होते. मध्यरात्री रानडुकरांचा कळप शिरला. आबांनी बार काढला. नळी म्हातारी होती, फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि डावा कान कायमचा बंद झाला. आबांनी हाताला धोतर गुंडाळलं आणि तसेच चालत गावात आले. सकाळी लोक शेतात गेले तर धुऱ्यावर डुक्कर मरून पडलेलं.

ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला व्हायची. मी पहिलीत होतो तेव्हा ते डुक्कर दीड मणाचं होतं. बारावीला गेलो तोवर तीन मणांचं झालं होतं. चुलत्यांनी त्याला सुळे लावले, आतेभावानं एक डोळा फोडला. प्रत्येक जण आपल्या परीनं भर घालायचा. एक वाक्य मात्र कुणीही कधी बदललं नाही: "नळी म्हातारी होती, फाटली." आजी, चुलते, आत्या, सगळे ते याच शब्दांत सांगायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोष्ट चालू असताना बहुतेक वेळा उठून म्हशीकडे जायचे.

तोंडी गोष्टींचा थोडाफार अभ्यास केलेल्या माणसाला हे आधीच खटकायला हवं होतं. बाकी सगळं सैल असलेल्या गोष्टीत एकच वाक्य घट्ट असेल, तर ते वाक्य काहीतरी धरून ठेवत असतं. पण घरची गोष्ट आपण वाचक म्हणून कुठे ऐकतो!

*

दिवाळी अंकांतल्या ज्या शिकारकथा मी वाचल्या त्यांचीही रचना अशीच होती. आमंत्रण, जीप, मचाण, बांधलेलं बकरं, चांदणं, पानांची चाहूल, बार. लेखक चांगला असेल तर चांदण्यावर जास्त वेळ थांबतो. बंदुकीचं नाव येतं, तिचा रुबाब येतो. पण बंदुकीत काय आणि किती भरलं होतं, कुणी भरलं होतं, हे येत नाही. काडतूस दुकानातून यायला लागल्यावर ते यायची गरजही उरली नाही, हे मान्य. पण याच कथांत एक ठासणीवाला गडी असतो. साहेबांच्या मागून चालतो, वाट दाखवतो, वेळप्रसंगी हास्यास पात्र होतो. त्याच्याकडे दारूचं शिंग असतं, माप असतं, गज असतो. त्याच्या हाताकडे कथा बघतच नाही.

भाषाही त्याच्या हाताकडे बघत नाही. 'दारू' हा शब्द फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ औषध असा होता. 'दवादारू'मध्ये तो अजून जिवंत आहे. मग आपण पिण्याच्या पदार्थाला दारू म्हणू लागलो आणि बंदुकीत भरायच्या भुकटीलाही. तीन वस्तू, एक शब्द. तिन्हींचा जीव मात्रेत. पण बंदुकीच्या दारूवरून आपण जे वाक्प्रचार केले ते सगळे धडाक्याचे. लग्नाचा बार उडवून देतो. घोषणा पोकळ निघाली की फुसका बार म्हणतो. तंबाखूचासुद्धा बारच भरतो. दावा करायचा तर ठासून करतो, म्हणजे गजाने दाबून दाबून. रोज कुठला ना कुठला पुढारी कुणावर तरी तोफ डागतो आणि चांगल्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो. औशाच्या किल्ल्यात पोरं तोफेवर बसून सेल्फी काढतात. मीही काढलाय. ती किती लांब आहे हे आम्ही वितीनं मोजलं. तिच्यात किती दारू मावत असेल, हा प्रश्न आम्हा पाच जणांत एकालाही पडला नाही.

'तोलूनमापून बोलावं' असं आपण म्हणतो खरं. पण ती शिकवण सोनाराच्या काट्यावरून आणि अडतीतून आली. बंदूक भरणाऱ्याकडून आली नाही.

समीक्षेतही हेच चालतं. पुस्तक आवडलं तर 'मराठीतला मैलाचा दगड', नावडलं तर 'कचरा'. दोन्ही वेळा नळी गळ्यापर्यंत भरलेली. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर मला या बाबतीत वेगळे वाटतात. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची जी प्रस्तावना आहे ती पत्राच्या रूपात आहे. शिवाजी महाराजांसारख्या विषयावर, जिथे मराठी माणूस हमखास ठासून बोलतो, तिथे कुरुंदकर आधी पुराव्यांचं वजन करतात. त्यांचे सगळे निष्कर्ष पटायलाच हवेत असं नाही. पण काटा समोर मांडलेला असतो, म्हणून आपल्याला त्यांच्याशी भांडता येतं.

*

शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांत माप कुठे भेटतं म्हणून शोधलं, तर दोन जागा सापडल्या.

पहिली फ्रेडरिक सेलूस या इंग्रज शिकाऱ्याची. त्याचं आफ्रिकेतल्या भटकंतीचं पुस्तक १८८१ चं. तरुणपणी तो हत्तीच्या शिकारीला प्रचंड तोंडाच्या ठासणीच्या बंदुका वापरायचा. कमरेला दारूची चामडी पिशवी, तिच्यात हात घालायचा आणि मूठभर दारू नळीत सोडायची. नंतर कधीतरी त्याने ती मूठ मोजली. वीस ड्रामांपेक्षा जास्त भरली. आपल्या हिशेबाने तीन तोळे. त्या बंदुकांच्या दणक्यांनी आपल्या मनावर आणि नेमावर कायमचा परिणाम झाला, त्यांच्या नादी लागलोच नसतो तर बरं झालं असतं, अशी कबुलीही तो देतो. एकदा तर बंदूक चुकून दोनदा भरली गेली होती. त्या बाराने तो स्वतःच उडून पडला आणि दस्त्याचे तुकडे झाले. ती चूक बंदूक भरून देणाऱ्या नोकराच्या नावावर आहे. वाचताना मी तिथे खूण करून ठेवली: जो झाडतो तो पुस्तक लिहितो, जो भरतो तो लिहीत नाही.

दुसरी जागा जिम कॉर्बेटची. 'जंगल लोअर' या १९५३ च्या पुस्तकात तो लहानपणी मिळालेल्या दुनळी ठासणीच्या बंदुकीचं वर्णन करतो. उजवी नळी काही इंच उभी फाटलेली आणि दस्ता पितळी तारेनं बांधलेला. नळी का फाटली? जास्त दारू भरल्यामुळे. एवढंच सांगून कॉर्बेट पुढे जातो. मला मात्र पुढे जाता आलं नाही. आमच्या घरच्या गोष्टीतलं जे वाक्य पन्नास वर्षांत कुणी हलवलं नव्हतं, त्याला कॉर्बेटने सहज एक पर्याय देऊन टाकला होता. नळ्या म्हाताऱ्या झाल्या म्हणूनच फाटतात असं नाही.

*

आता त्या तक्त्यांच्या पुस्तकाकडे.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती मापट्यानं मोजायची चीज. पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली आणि खेळ बदलला. ही दारू कितीतरी ताकदवान. शिवाय तिचे अनेक प्रकार, आणि प्रत्येकाचा जळण्याचा वेग वेगळा. त्यामुळे 'किती' या प्रश्नाच्या आधी 'कोणती' हा प्रश्न आला.

हे मला पुस्तकापेक्षा आजीच्या चुलीवरून लवकर समजलं. तुराट्या भक्कन पेटतात आणि विझतात. पऱ्हाट्या थोड्या टिकतात. बाभळीचं लाकूड रात्रभर धुमसतं. चहाला बाभूळ लावली तर पाणी गरम होईपर्यंत पाहुणा निघून जाईल. पुरणाला नुसत्या तुराट्या लावल्या तर खालून करपेल आणि वरून कच्चं राहील. बंदुकीत तसंच. टरफल लहान आणि गोळी हलकी असेल, जसं हॉर्नेटमध्ये, तर गोळी लगेच पुढे सरकते आणि मागची जागा वाढते. तिथे जरा लवकर जळणारी दारू लागते. सावकाश जळणारी घातली तर ती पुरती जळतच नाही, नळीत कण राहतात आणि वेग दर बाराला बदलतो. उलट स्विफ्टसारखं टरफल मोठं आणि नळी अरुंद असेल, तर घाईने जळणारी दारू गोळी हलायच्या आतच दाब शिखराला नेते. तिथे सावकाश दारूच हवी.

मग मोजणं. मोजायचं एकक ग्रेन. मूळ अर्थ जवाचा दाणा. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, १८० ग्रेन म्हणजे एक तोळा. आपली गुंजही बीच. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज जवळपास दोन ग्रेनची. गोऱ्यांनी जव घेतला, आपल्या सोनारांनी गुंज घेतली. 'तोळामासा प्रकृती' म्हणणाऱ्या भाषेला हा हिशेब परका वाटायचं कारण नाही.

लहान काडतुसांत हा हिशेब जास्त कडक होतो. मोठ्या रायफलीत साठ ग्रेन दारू असेल आणि अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला, तर फरक शेकड्याला एकही नाही. बारा ग्रेनच्या काडतुसात तोच अर्धा ग्रेन म्हणजे शेकड्याला चार. वस्तू जितकी लहान, तितकी चूक मोठी. कथालेखकांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

मोजायच्या पद्धती दोन: मापानं किंवा वजनानं. आमच्याकडे पायली, आठवा, चिपटं ही मापाची रीत होती, आणि लातूरच्या अडतीत आता वजनाचा काटा आहे. मापानं भरताना दाण्याचा आकार नडतो. मोहरीसारखी गोल दारू मापट्यात सारखी बसते. शेवयांच्या तुकड्यांसारखी लांबट दारू अडते, पोकळी ठेवते आणि एका मापात दोन वेळा दोन वजनं देते. म्हणून काटेकोर माणूस मापानं थोडी कमी ओततो, मग काट्यावर ठेवून एकेक कण सोडत वजन पुरं करतो.

आणि इशारे. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा. चिठ्ठी नसलेली दारू वापरू नका, ओळखीची वाटली तरी. दोन दारू मिसळू नका. तक्त्यातल्या मोठ्या आकड्यापासून कधीही सुरुवात करू नका, खालच्यापासून थोडं थोडं चढा. टोपी किंवा गोळी बदलली तर पुन्हा खालून सुरू करा. थंडीत बसवलेलं माप कडक उन्हात जास्त होऊ शकतं. मराठवाड्याचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं समजवायला नको.

सगळ्यात जास्त मी थांबलो तो सल्ला साधाच आहे. घाईची, ताकदवान दारू इतकी थोडी लागते की ती टरफलाच्या तळाशी बसते. तिथे चुकून दुप्पट पडली तरी वरून कळत नाही. म्हणून शक्यतो अशी दारू निवडावी की योग्य मापाला टरफल अर्ध्याहून अधिक भरेल. दुप्पट पडली तर उतू जाईल आणि तुम्हाला दिसेल. एवढं करूनही गोळ्या बसवण्याआधी सगळी टरफलं फळीवर ओळीनं उभी करा आणि प्रत्येकात बॅटरी मारून बघा.

माणूस चुकणारच, हे त्या सल्ल्यात गृहीत आहे. तो तुम्हाला 'चुकू नका' म्हणून दम देत नाही. चूक उतू जाईल असं साहित्य आधीच निवडायला सांगतो. गद्याबद्दल याहून चांगला सल्ला मला कुठल्याही लेखन कार्यशाळेत मिळालेला नाही. काही भाषा इतकी ताकदवान असते की तिच्यात दुप्पट खोटं घातलं तरी वरून सगळं जागच्या जागी दिसतं. आपली शिकारकथा त्या भाषेत लिहिली जाते. आमची दिवाळीची गोष्टही.

*

पण पुस्तकावर लिहितोय तर त्याचा दोषही सांगायला हवा, आणि तो लहान नाही.

या पुस्तकात दारूचा कण मोजलेला आहे, टरफलाची लांबी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली आहे. जनावर मात्र एका शब्दात उरकलंय: व्हार्मिंट. इंग्रजी 'व्हर्मिन'चंच हे बोलीरूप. मुळाशी लॅटिनमधला किड्याचा शब्द. पीक खाणारं, बिळं करणारं, नकोसं जे काही ते सगळं त्या एका पोत्यात. ते किती खातं, कधी खातं, का वाढलं, याचा तक्ता नाही. इतकी काटेकोर माणसं नेमकं इथे मूठ भरून टाकतात.

आपल्या कायद्यातही असं एक पोतं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी हे 'उपद्रवी' म्हणून होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूची गेली. पण एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी ठरवायचा केंद्र सरकारचा अधिकार राहिला. रोही आणि रानडुक्कर आमच्याकडे रोजचे. त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी, नुकसानीसाठी अर्ज, पंचनामा, फोटो. ज्याचा हरभरा एका रात्रीत झोपतो त्याला 'उपद्रव' हा शब्द पुस्तकी वाटत नाही, हे मी गावचा असल्यामुळे जाणतो. शहरात बसून रोहीच्या डोळ्यांवर कविता करणं सोपं आहे. पण चिडलेल्या शेतकऱ्यालाही आपलं नुकसान गुंठ्यात सांगावं लागतं, पोत्यात सांगावं लागतं. मापाशिवाय त्याचंही कुणी ऐकत नाही. मग जनावरालाच तेवढं बिनमापाचं का ठेवायचं?

म्हणजे शिकारकथेत जनावर आहे आणि माप नाही. तक्त्याच्या पुस्तकात माप आहे आणि जनावर नाही. दोन्ही असलेली गोष्ट मला हवी होती. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

*

दिवाळीला गावी गेलो. रात्री ओट्यावर गोष्ट झाली. डुक्कर या वेळी साडेतीन मणांवर गेलं. सगळे पांगल्यावर मी अण्णांना फोनमधलं ते पान दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून वाचून सांगितलं: दुप्पट पडली तर उतू जाईल अशी दारू निवडावी. आणि मग बॅटरीचं. अण्णा काही बोलले नाहीत. "असं असतंय व्हय," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मला बसवून द्यायला ते कंधारच्या स्टँडवर आले. लातूरची गाडी लागायची होती. अण्णांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"नळी म्हातारी नव्हती," ते म्हणाले.

"मग?"

"भरायचं काम माझ्याकडं होतं. दोनदा भरली मी."

ते तेव्हा बारा वर्षांचे होते. आबांसोबत माळ्यावर जागलीला जायचे. बंदूक भरायचं आबांनीच शिकवलं होतं. बांबूच्या पेराचं माप, काठोकाठ, शीग नाही. मग चिंधी, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी. गजावर सुरीनं पाडलेली एक खाच होती. रिकाम्या नळीत गज त्या खाचेपर्यंत आत जायचा. खाच बाहेर राहिली तर बंदूक भरलेली आहे. त्या संध्याकाळी अण्णांनी बंदूक भरली आणि त्यांना झोप लागली. मध्यरात्री आबांनी हलवलं, "भर, भर, आले." अंधार होता. अण्णांनी पेर भरलं, ओतलं, चिंधी घातली, छर्रे टाकले, ठासलं. गज लवकर अडला हे त्यांच्या हाताला जाणवलं होतं. खाच बघायला उजेड नव्हता, आणि आबा घाई करत होते.

"हाताला कळलं होतं," अण्णा दोनदा म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा अण्णा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "नळी म्हातारी होती, फाटली." पुढे आबांनी ते वाक्य कधी बदललं नाही आणि दुसऱ्या कुणाला बदलू दिलं नाही. अण्णांशी एकट्यात ते त्यावर एकदाही बोलले नाहीत. आबांना जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली.

गाडी लागली. मी चढलो.

अहमदपूरपर्यंत मी माझ्याच मताशी भांडत होतो. त्या घट्ट वाक्याला मी मनातल्या मनात खोटं ठरवून बसलो होतो. ते खोटं होतंच. पण ते मुठीनं भरलेलं नव्हतं. दोन बोटं गेलेल्या माणसानं समोरच्या बारा वर्षांच्या पोराला काय पेलेल याचा अंदाज घेऊन, नेमकं तेवढंच ते वाक्य केलं होतं. तीन शब्द आणि वर एक. शीग नाही. मी वाचलेल्या सगळ्या शिकारवाङ्मयात एवढं मोजलेलं वाक्य दुसरं नाही.

तरीही समीक्षक म्हणून मला त्याची दुसरी बाजू लिहावी लागेल. ते वाक्य इतकं चांगलं बसलं की त्यातून काहीच उतू गेलं नाही. अण्णांना पन्नास वर्षं गोष्टीतून उठून म्हशीकडे जावं लागलं. थंडीत बसवलेलं माप उन्हाळ्यात जास्त होतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहेच. बाराव्या वर्षी बरोबर असलेली मात्रा तिसाव्या वर्षी, पन्नासाव्या वर्षी तीच ठेवायची नसते. कुणीतरी मध्ये एकदा गज टाकून खाच बघायला हवी होती.

संक्रांतीला फोन केला तेव्हा अण्णांना विचारलं, हे लिहू का. ते म्हणाले, लिही. मग थोडं थांबून म्हणाले, अजून एक लिही.

"काय?"

"डुक्कर नव्हतं. सकाळी शेतात काहीच पडलेलं नव्हतं. पाच गुंठे ज्वारी झोपली होती."